पाटावरची थ्री नॉट थ्री

काल दूध आणायला गेले तर दुकानात केशरी जाकिटं लागली होती. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, परवापर्यंत जिथे भोपळ्यांचा ढीग होता तिथे, ओळीने टांगलेली. डोळ्यांत खुपणारा भडक केशरी रंग. जंगलात एका शिकाऱ्याने दुसऱ्याला हरीण समजू नये म्हणून ही जाकिटं घालायची. हरणाला म्हणे तो रंग दिसतच नाही. मला मात्र फार दिसतो. दूध राहिलं बाजूला, मी अंडी घेऊन घरी आले. अंडी घरात होतीच.

स्टेट कॉलेज हे आमचं अमेरिकेतलं गाव म्हणजे एक विद्यापीठ आणि भोवती डोंगर. नोव्हेंबर सरत आला की फुटबॉलचा गोंगाट निवतो, थँक्सगिव्हिंगला विद्यार्थी घरी जातात, कॅम्पसच्या बस रिकाम्या फिरतात. झाडांवर एक पान उरत नाही आणि डोंगराच्या फासळ्या दिसायला लागतात. मग गावात निराळीच माणसं उगवतात. पेट्रोल पंपावर केशरी टोप्या, पिकअप ट्रकच्या मागे दोऱ्या आणि बर्फाचे खोके. आसपासच्या खेड्यांतल्या शाळांना तर हरणाच्या सीझनची सुट्टी असते. पहिल्या वर्षी हे कळलं तेव्हा मी पुण्याला बहिणीला फोन करून पोट धरून हसले होते. आपल्याकडे गणपतीची सुट्टी, यांच्याकडे हरणाची! तेव्हा हसायला काय जात होतं. बंदूक दुसऱ्यांच्या घरात होती.

आमच्या घरात ती आली तीनेक वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात. आणली सुहासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आणि त्याला नादाला लावलं डेलने. डेल आमचा शेजारी. शाळेत गणित शिकवतो, आणि वर्षभर सौम्य असलेला हा माणूस शिकारीचा विषय निघाला की लहान मुलासारखा हातवारे करून बोलतो. सुहासला नुसतं कुणीतरी विचारायचा अवकाश होता. तो गुहागरकडचा. त्याच्या गावात रानडुकराची पारध निघायची. पुरुष ठासणीच्या बंदुका घेऊन वाटा अडवून बसायचे आणि पोरं डबे वाजवत, आरोळ्या ठोकत रान उठवायची. सुहास त्या पोरांतला. संध्याकाळी मटणाचे वाटे पडायचे. बंदूकवाल्याचा वाटा मोठा, पण रान उठवणाऱ्या पोरांनाही वाटा असायचा, आणि जिच्या घरी पुरुष नाही तिच्या दारातही एक पान जायचं. मी पुण्याची, आणि वरून शाकाहारी. लग्नानंतर हे सगळं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "आणि डुकराचं काय मत होतं?" त्याला हा प्रश्न अजून आवडत नाही.

नवी रायफल घ्यायची म्हणजे बराच खर्च. डेलनेच सांगितलं की लष्कराने काढून टाकलेल्या जुन्या रायफली स्वस्तात मिळतात, पहिल्या शिकारीला तेवढी पुरे. म्हणून एका शनिवारी आम्ही तिघं डोंगरापलीकडच्या एका दुकानात गेलो. एका बाजूला गळ, दुसऱ्या बाजूला बंदुका, मध्ये चॉकलेटं. कोपऱ्यात एका पिंपात जुन्या रायफली उभ्या करून ठेवल्या होत्या, आपल्याकडे छत्र्या ठेवतात तशा. सुहास एकेक बाहेर काढून बघत होता. एकाएकी म्हणाला, "अनू, इकडे ये. हे बघ, आपली आहे यार!"

खरंच आपली होती. लाकडी दस्ता, जाड नळी, आणि लोखंडावर भारतात बनल्याचा शिक्का. थ्री नॉट थ्री. चौकीबाहेर पेंगणाऱ्या हवालदाराच्या खांद्याला लहानपणापासून पाहिलेली. कुठल्या कोठारात किती वर्षं पडली, कुठल्या जहाजाने आली, देव जाणे. आम्हा दोघांना या देशात यायला किती मुलाखती, किती शिक्के लागले. ही बाई लाकडी पेटीत झोपून आली आणि पिंपात उभी राहिली. सुहासचा चेहरा असा झाला होता, जणू जत्रेत हरवलेली आत्या भेटली असावी.

काउंटरवरच्या दाढीवाल्याने विचारलं, अमेरिकन आहात का? नाही. ग्रीन कार्ड? नाही, व्हिसा. मग शिकारीचं लायसन्स लागेल, असं तो म्हणाला. व्हिसावरच्या माणसाला एरवी बंदूक घेता येत नाही, पण शिकारीचा परवाना असला तर घेता येते. सुहासने कोर्स करून तो आधीच काढून ठेवला होता, तो त्याने खिशातून असा काढला की विचारू नका. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बघ, पहिल्यांदा या देशाने मला काहीतरी पटकन दिलं." आम्ही तिघंही हसलो.

ग्रीसचा वास मला अजून येतो. बंदूक गंजू नये म्हणून तिला ग्रीस माखून ठेवलं होतं. काकवीसारखं तपकिरी, चिकट, आणि लाकडात इतकं मुरलेलं की पुसलं तरी आतून पाझरत राहायचं. डेलने उपाय सांगितला की लाकडी भाग काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवायचे, म्हणजे घाम सुटतो. आमच्या डेकवर ते दोन दिवस घाम गाळत पडले होते. मग ढग आले, आणि सुहास हळूच स्वयंपाकघरात आला.

"ओव्हन वापरू का? अगदी लो हीटवर. फक्त लाकडी पार्ट्स."

"माझ्या ओव्हनमध्ये?"

"अगं, लोक करतात. मी व्हिडिओ बघितला."

"नानकटाईला बंदुकीचा वास लागला ना, तर पहिला डबा तुझ्या आईला कुरियर करीन."

शेवटी तो हेअर ड्रायर घेऊन बसला, माझाच. बेसमेंटमध्ये चटईवर मांडी घालून, रेडिओवर जुनी गाणी लावून, तासन्‌तास. त्या आठवड्यांत तो फार सुखात होता, हे मला सांगितलंच पाहिजे. एकदा मला खाली बोलावून त्याने बोल्ट दाखवला. बोल्ट म्हणजे मागची ती लोखंडी दांडी, जी मागेपुढे केली की गोळी नळीत जाते. मागे ओढायची, पुढचं टोक उचलायचं, की अख्खी हातात येते. "ही काढली की बंदूक संपली," तो म्हणाला. "नुसती काठी. कर बघू तू." मी केलं. हाताला तेल लागलं म्हणून त्याच्याच शर्टला पुसलं.

सप्टेंबरात एका सोमवारी सकाळी त्याचं लॉगिन चाललं नाही. त्याला वाटलं पासवर्डची भानगड असेल. दुपारी एक व्हिडिओ कॉल झाला, त्यात त्याच्या टीममधले आणखीही होते म्हणे. चार दिवसांनी एक रिकामा खोका आला, लॅपटॉप परत पाठवायला. कंपनीने खोक्यात बबल रॅपसुद्धा मोजून घातलं होतं. सुहासने लॅपटॉप पुसला, चार्जरची वायर नीट गुंडाळली आणि पट्टी चिकटवली. त्याने पट्टीवरून अंगठा फिरवला तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

माझी नोकरी विद्यापीठाच्या लॅबमध्ये, व्हिसाही माझा स्वतःचा. त्यामुळे गाशा गुंडाळायची वेळ आली नाही. त्याला फक्त कागदोपत्री माझा डिपेंडंट व्हायचं होतं. आमचं लग्न झालं तेव्हा मीच काही वर्षं त्याची डिपेंडंट होते, आणि तो मजेत म्हणायचा, "काय डिपेंडंट, चहा मिळेल का?" मी उशी फेकून मारायची. आता ती मजा उलटी करून बघायची माझी छाती झाली नाही. एकदा तोच सिंकपाशी भांडी घासता घासता म्हणाला, "चहा ठेवू का, साहेब?" आणि आम्ही दोघंही हसलो नाही.

त्याने आरडाओरडा केला असता, चार दिवस अंथरुणात पडून राहिला असता, तर मला बरं वाटलं असतं. तो नीटनेटका झाला. कपाटं आवरली. गराजमधले खिळे आकारांप्रमाणे बरण्यांत भरले. आपली लाडकी क्रिकेट बॅट माझ्या लॅबमधल्या एका विद्यार्थ्याला देऊन टाकली. "मी कुठे खेळतोय आता," म्हणाला. मग एका रविवारी मला समोर बसवून बँकेचे, इन्शुरन्सचे, गावच्या घराच्या कागदांचे सगळे पासवर्ड समजावून सांगितले. मी म्हटलं, मला कशाला? तर म्हणाला, "असू दे ग. माहीत असावं." आवाज इतका शांत की मला तिथेच थंडी वाजली.

मी का विचारलं नाही, हे लोक मला विचारतील. खरं सांगते, कसं विचारतात ते मला माहीत नव्हतं. आमच्या घरांत 'बरं वाटतंय का' हा प्रश्न तापाला विचारतात. 'जेवलास का' विचारतात. दोन्ही मी रोज विचारत होते, आणि तो दोन्हींना हो म्हणत होता.

दसरा आला. खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रांची पूजा दरवर्षी होते. शस्त्रं म्हणजे काय, तर ज्याच्या जिवावर पोट भरतं ते. आमच्याकडे माझी लॅबची पिपेट, गाडीची किल्ली, सुरी आणि सुहासचा लॅपटॉप. लॅपटॉपला हळदकुंकू लावताना कीबोर्डमध्ये अक्षता जातील म्हणून तो दरवर्षी हात आडवा धरायचा. त्या वर्षी मी पाट मांडला, माझ्या वस्तू ठेवल्या आणि कुंडीतला झेंडू खुडायला डेकवर गेले. परत आले तर पाटावर, माझ्या पिपेटशेजारी, रायफल होती. तो खाली जाऊन घेऊन आला होता. पाट तिला पुरत नव्हता, दोन्ही बाजूंनी ती बाहेर आली होती.

"माझ्याकडे दुसरं काय आहे ठेवायला?" तो म्हणाला.

एवढ्यात ठरल्याप्रमाणे त्याच्या आईंचा व्हिडिओ कॉल आला. नोकरी गेल्याचं त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी पाट बघितला आणि त्यांना फार आनंद झाला.

"अरे वा! तुझ्या अप्पांची ठासणीची बंदूक अशीच ठेवायचो आम्ही. कुंकू लाव रे नीट. आणि तुझा लॅपटॉप कुठाय यंदा?"

"ऑफिसात राहिला, आई."

"असा कसा राहिला? सणासुदीला आपलं शस्त्र दुसऱ्याच्या घरी ठेवू नये."

"हो," तो म्हणाला. "चुकलंच."

आणि त्याने वाकून रायफलीला कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले. माणूस देवापुढे उभा राहतो ते काहीतरी मागायला. तो इतका वेळ डोळे मिटून उभा होता की आई म्हणाल्या, अडकलं वाटतं तुमचं नेट. नेट चालू होतं. मला त्या क्षणी कळलं. पासवर्ड, बॅट, खिळ्यांच्या बरण्या, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं, आणि मी इतकी घाबरले की हातातलं तबक खाली ठेवून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

दुसऱ्या दिवशी तो लायब्ररीत गेला तेव्हा मी बेसमेंटमध्ये उतरले. त्यानेच शिकवलं होतं तसा बोल्ट काढला. गोळ्यांचा डबाही उचलला आणि लॅबला जाता जाता माझ्या मैत्रिणीकडे ठेवून आले, कशाचा ते न सांगता. बोल्ट जुन्या ओढणीत गुंडाळून भारतात जायच्या मोठ्या बॅगेत, वजनकाट्याच्या खाली ठेवला. त्या बॅगेला आमच्याकडे वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. मग वर येऊन साबणाने हात धुतले. मन शांत व्हायला हवं होतं. उलट आता मला नवीच धास्ती. त्याला कळलं तर? आणि बंदुकीशिवायही घरात काय कमी असतं? मी गाडीच्या किल्ल्या मोजायला लागले, औषधांचं कपाट बघायला लागले. लॅबमधून दर तासाला काहीतरी निमित्त काढून फोन करायची. लिंबं आहेत का? पोस्ट आलं का? तो दर वेळी फोन उचलायचा. घंटा वाजत असताना माझा जीव कुठे असायचा, ते माझं मलाच माहीत.

थँक्सगिव्हिंगनंतरचा तो शनिवार. सीझनचा पहिला दिवस. मला वाटलं होतं तो जायचाच नाही. पण उजाडायच्या आधी डेलचा ट्रक दारात लागला, सुहास केशरी जाकीट घालून उभा, रायफलीची लांब बॅग खांद्याला. मी दारात आडवी झाले नाही. काय म्हणणार होते, डेलसमोर? त्याने चहाचा थर्मास घेतला, "येतो" म्हणाला आणि गेला. तो दिवस मी कसा काढला ते नीट सांगता येणार नाही. डोंगरातून लांबून बार ऐकू येत होते, दार आपटल्यासारखे. बोल्ट माझ्याजवळ आहे हे ठाऊक असूनही प्रत्येक आवाजाला दचकत होते. मी दोन वेळा कुकर लावला. कुणासाठी, ठाऊक नाही.

अंधार पडता पडता तो आला. पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. बोटं थंडीने वाकत नव्हती, म्हणून मी खाली बसून सोडल्या.

"हरीण आलं होतं," तो म्हणाला. "मोठा नर. अगदी समोर, इथून त्या मेलबॉक्सइतक्या अंतरावर. बराच वेळ बघत होता माझ्याकडे."

"मग?"

"मग काय. बोल्ट नव्हता."

माझे हात बुटावरच थांबले. "तुला कधी कळलं?"

"दिवाळीच्या आधीच."

"आणि तरी गेलास? आज?"

"डेलला काय सांगणार होतो?" तो म्हणाला, आणि मग तोंडावर हात घेऊन त्या पायरीवर रडला. मी त्याला घट्ट धरून बसले. दिवाळीच्या आधी हा खाली गेला होता आणि याने रायफलीची बॅग उघडली होती, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. पुढचा प्रश्न माझ्या तोंडातून निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सुहास स्वतःच रायफल घेऊन डेलकडे गेला आणि तुझ्या कपाटात ठेवशील का म्हणाला. डेलने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं, म्हणाला, "तुला हवे तितके दिवस," आणि कॉफी केली. त्या आठवड्यात त्याने हरणाच्या मटणाचा एक वाटा आणून दिला. सुहासने तो खोबऱ्याचं वाटप लावून शिजवला, मी खिडक्या उघडून बसले. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, एक समुपदेशक बाई झाल्या. वसंतात नोकरीही लागली, आधीच्यापेक्षा लहान. तो पुन्हा वाद घालायला लागला, भांडी तशीच टाकायला लागला, आणि मला हायसं वाटलं.

पण हा महिना आला की सगळं परत येतं. पानं जाळल्याचा वास, पंपावरच्या टोप्या. तीन वर्षं आम्ही या विषयाला वळसा घालून चाललोय. आज सकाळी आम्ही दोघं मागच्या अंगणात पानं ओढत होतो. तो दंताळं चालवत होता, मी पिशवी धरून उभी. मध्येच म्हणाला, "डेल विचारतोय. यंदा जाऊ का?"

मी पिशवीचं तोंड आणखी फाकवलं.

"रायफल त्याच्याकडेच आहे. तू बोल्ट दिलास तर."

मी पिशवी खाली ठेवली. मग विचारलं. "आधी सांग. तेव्हा, दिवाळीच्या आधी, खाली कशाला गेला होतास?"

दंताळं थांबलं. त्याने इकडेतिकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"मरायचं होतं असं नाही ग," तो म्हणाला. "पण दुसऱ्या दिवशी उठायचं नव्हतं. तू वर चकल्या तळत होतीस. मी रायफलीची बॅग उघडली, आणि बोल्ट नव्हता. आधी खूप राग आला तुझा. मग वाटलं, म्हणजे हिला माहीत आहे. मला कुणाला सांगता येत नव्हतं, अनू. आणि तुला न सांगताच कळलं होतं. मग वर आलो. तू मला घाण्यातली पहिली चकली दिलीस, म्हणालीस, मीठ बघ."

मला ती चकली आठवत नव्हती. आठवायचा प्रयत्न करत मी पानांत उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"नाही देणार," मी म्हटलं. "तू कितीही बरा झालास तरी नाही देणार."

"नको देऊस." त्याने पुन्हा दंताळं उचललं. "पण मी दरवर्षी मागणार. तू दरवर्षी नाही म्हण."

"म्हणेन," मी म्हटलं.